मधल्या फळीतला धाकटा

आमच्या दोग्यमला टीव्हीवर शोधणं हे घरातलं एक मोठं काम होतं. कॅमेरा बॉलच्या मागे पळतो आणि दोग्यमकडे बॉल कधी टिकायचाच नाही. आला की गेला. आई पडद्याला नाक लावून बसलेली असायची आणि मी "तो बघ, तो बघ" म्हणेपर्यंत तिथे दुसराच कुणीतरी धावत असायचा. "ह्याला कुणी खेळू देत नाही का गं, मिरान?" ती काळजीने विचारायची. मिडफिल्डरचं काम बॉल घेऊन बसणं नव्हे, तो योग्य माणसाला योग्य वेळी देणं, हे मी तिला इतक्यांदा समजावलं की शेवटी तीच मला म्हणाली, "म्हणजे वाढपी."

गांगनुंग या समुद्रकाठच्या शहरात, चोदांग भागात, आमचं टोफूचं दुकान आहे. सोयाबीनचं दूध इथे समुद्राच्या पाण्याने फाडतात, म्हणून आमच्या टोफूला वेगळं मीठ घालावं लागत नाही. दोग्यम माझा धाकटा भाऊ. लहानपणी मी डबे घेऊन पाण्याला निघाले की हा मागे यायचा आणि चालता चालता सारखी मान वळवून डावीकडे, उजवीकडे, पाठीमागे बघायचा. सायकल कुठे आहे, कुत्रं कुठे आहे, कोण कुठून येतंय. आईला वाटलं मानेचं दुखणं आहे. तिने त्याला वैद्याकडे नेलं. वैद्याने मानेत सुया टोचल्या आणि एक भयंकर कडू काढा दिला. मान वळायची थांबली नाही. पुढे शाळेच्या कोचने तीच मान बघून त्याला मधल्या फळीत उभा केला. "ह्या पोराला पाठीलाही डोळे आहेत," तो म्हणाला. काढा फुकट गेला याचं दुःख आईला अजून आहे.

आता या पोराचं शाळेतलं प्रकरण सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच आहे. आमची शाळा मार्चमध्ये सुरू होते, आणि तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेली पोरं आदल्या वर्षी जन्मलेल्या पोरांच्या वर्गात बसत. दोग्यमची नोंद जानेवारीची. म्हणून हा टिल्लू पोरगा आपल्याहून मोठ्या पोरांत जाऊन बसला आणि त्यांचा सोबती झाला. वर्गातला तो सोबती. त्याला नावाने हाक मारायची, अरे-तुरे करायचं. एका वर्षाने पुढचा असला की तो 'ह्यंग', म्हणजे दादा. मग अहो-जाहो, कंबरेतून वाकणं आणि तो बोलला की ऐकून घेणं. आमच्याकडे दोन पुरुष पहिल्यांदा भेटले की आधी एकमेकांचं जन्मसाल विचारतात. ते कळल्याशिवाय वाक्याचा शेवट कसा करायचा हेच त्यांना ठरवता येत नाही.

त्या वर्गात योम गीचल होता. त्याचा बाप स्क्विड पकडायच्या बोटीवर, आणि पोरगा पहिलीतच तिसरीतल्याएवढा. पहिल्या आठवड्यात कुणीतरी दोग्यमचा डबा पळवला तेव्हा गीचलने तो परत आणून दिला आणि त्यातला अर्धा स्वतः खाल्ला. तेव्हापासून दोघं चिकटले ते चिकटले. गीचल आमच्याच घरात वाढला म्हणा ना. टोफू काढल्यावर जो चोथा उरतो, त्याची आमटी आई करते. ती खायला तो रोज सकाळी मागच्या दाराने यायचा. माझ्या भावाला "ए बुटक्या" म्हणणारा आणि त्याच्याकडून "ए रेड्या" ऐकून घेणारा जगात तो एकच होता.

दानोच्या जत्रेत आमच्या शहरातल्या दोन शाळांची मॅच होते. तेव्हा नवराबायकोसुद्धा वेगवेगळ्या शाळांचे असले तर त्या दिवशी वेगवेगळे जेवतात. त्या मॅचमध्ये दोघं शेजारीशेजारी खेळले. गीचल आडवा यायचा, बॉल हिसकावायचा आणि दोग्यमकडे ढकलायचा. दोग्यम तो पुढे द्यायचा. त्या मॅचनंतर दोघांनाही क्लबांनी उचललं, पण वेगवेगळ्या. गीचल थोड्याच वर्षांत घरी, आमच्या शहराच्या सोल्ह्यांग क्लबात परतला. आमचा दोग्यम मात्र फिरत राहिला. दक्षिणेला एक क्लब, मग डोंगरातला एक, मग लष्करातली सक्तीची नोकरी लष्कराच्या संघातून, मग परत दक्षिण. दुसऱ्या डिव्हिजनमधला चांगला, भरवशाचा, नाव विसरायला सोपं असा खेळाडू. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी आठवडाभर त्याच्याजवळ राहिले. तो म्हणाला, "ताई, एक सिझन घरी खेळायचंय. आईने स्टँडमधून बघितलं पाहिजे. मग बूट ठेवीन." मोठी काही मागणी नव्हती ती. राष्ट्रीय संघाचं नाव त्याने कधी काढलंच नव्हतं.

आणि चौतिसाव्या वर्षी खरंच सोल्ह्यांगने त्याला बोलावलं, एका वर्षाच्या करारावर. आई दोन दिवस शेजारपाजारी सांगत फिरली. गीचल तर दोग्यम गाडीतून उतरायच्या आत त्याचं सामानच उचलून घेऊन गेला. त्याच महिन्यात क्लबाने मोक्पो शहरचा हाम जुन्योपही घेतला. जुन्योप आणि दोग्यम लष्करात एकाच तुकडीत भरती झालेले, आणि जन्मसालही एकच. तिथे एका दिवशी भरती झालेले सगळे सारखे, म्हणून या दोघांतही अरे-तुरे. जुन्योप शाळेच्या हिशोबाने दोग्यमच्या एक वर्ष मागे होता, पण लष्करात शाळा कोण विचारतो!

मधल्या फळीत तिघं. डावीकडे गीचल, उजवीकडे जुन्योप, मध्ये आमचा दोग्यम. कागदावर झकास होतं.

पहिल्याच रविवारी तिघं दुकानात जेवायला आले. मी वाडगे ठेवत होते. जुन्योप मोकळ्या मनाचा, बडबड्या. त्याने सरळ हात लांब केला आणि म्हणाला, "गीचल, ती मिरची इकडे दे रे."

गीचलचा चमचा वाडग्यातच थांबला. "काय म्हणालास?"

"मिरची म्हणालो."

"त्याच्या आधी."

जुन्योपला कळेना. "गीचल म्हणालो. नाव बदललंस की काय?"

"मी पाचवीत होतो तेव्हा तू चौथीत होतास."

"दोग्यम माझा मित्र. तू दोग्यमचा मित्र. मग आपण कोण?"

"मी तुझा ह्यंग. आणि मिरची हवी असेल तर नीट माग."

जुन्योपने दोग्यमकडे बघितलं. "तू ह्याला ह्यंग म्हणतोस का?"

"नाही," दोग्यम म्हणाला. काय करणार, खरं होतं ते.

"मग मी कशाला म्हणू?"

मिरची मीच उचलून जुन्योपसमोर आपटली आणि म्हटलं, "गिळा आता." गिळलं, पण त्या जेवणानंतर ते दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. मैदानावरसुद्धा. तिशी उलटलेले, बायकापोरं असलेले घोडे! गीचलकडे बॉल आला आणि जुन्योप अगदी मोकळा उभा असला, तरी गीचल त्याला देणार नाही, कारण मागायला त्याला हाक मारावी लागते आणि जुन्योप ती नावाने मारणार. सगळा बॉल दोग्यममधून. वाढप्याला एकाच वेळी दोन पंगती वाढायच्या होत्या. समोरचे संघ काही आंधळे नव्हते. त्यांनी दोघं जण दोग्यमच्या अंगावर सोडले की सोल्ह्यांगचा खेळ खलास. ओळीने मॅच हरलो. मासळीबाजारातल्या बायका मला विचारायला लागल्या, "तुझा भाऊ म्हातारा झाला का गं?" मी त्यांच्याकडून मासे घेणं बंद केलं.

शेवटी कोच मेंगनी दोग्यमला बोलावलं. मेंग हा कमी बोलणारा, उगीच कुणाला न दुखवणारा माणूस. त्यांनी जे सांगितलं ते दोग्यमने घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं.

"दोग्यम, तुझा खेळ चांगला आहे. पण तू मैदानात असलास की त्या दोघांपैकी थोरला कोण ते ठरत नाही. तू बाहेर गेलास की ठरतं. गीचल थोरला, जुन्योप धाकटा, विषय संपला. तू जानेवारीत जन्मलास, ही माझ्या संघाची अडचण आहे. शनिवारची मॅच बघतो. तिघांचं जमलं नाही तर तू बेंचवर, सिझन संपेपर्यंत."

सिझन संपेपर्यंत म्हणजे कायमचं. पुढचा करार चौतीस वर्षांच्या, बेंचवर बसलेल्या, गुडघा शिवलेल्या माणसाला कोण देणार? आईला शनिवारसाठी मी नवीन गरम कोट आणला होता. तो खुंटीवर लटकत होता आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

दोग्यमने दोघांनाही गाठलं. गीचल म्हणाला, "तो मला ह्यंग म्हणू दे, मी त्याला बॉल ताटात वाढून देतो." जुन्योप म्हणाला, "तू म्हण, मग मी म्हणतो. एकाच ताटातले आपण."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोग्यम दुकानात येऊन कढईतलं दूध ढवळत बसला. आई हळूहळू समुद्राचं पाणी सोडत होती. तो वैतागून म्हणाला, "आई, आणखी थोडे दिवस मला पोटात ठेवलं असतंस तर काय बिघडलं असतं? मार्च उजाडू द्यायचा होतास."

"ठेवलंच होतं की," आई म्हणाली.

तिचं सगळं लक्ष कढईत. दूध फाटायला लागलं की ती दुसरीकडे बघत नाही.

"म्हणजे काय गं?" मी विचारलं.

"म्हणजे काय म्हणजे काय! हा मार्चमध्येच झाला. पहिल्या चांद्रमहिन्याची सत्ताविसावी तिथी. तुझे बाबा नोंद करायला गेले, आणि त्या माणसाला आनंदाने काही सुचतंय का? तिथीच सांगून आले. पहिला महिना, सत्तावीस. झालं, सत्तावीस जानेवारी."

मी कपाळावर हात मारला. कारण मला आठवत होतं! माझ्या शाळेचा तो पहिला आठवडा होता. सगळ्यांच्या आया दारात उभ्या आणि मला न्यायला शेजारच्या कोळीणकाकू आल्या होत्या, "घरी भाऊ आलाय" असं सांगत. आणि शाळा मार्चमध्ये सुरू होते, हे काय मला माहीत नव्हतं? पण आमच्या घरी वाढदिवस कायम तिथीने. चमच्यातल्या शेवयांसारखा तो दरवर्षी वेगळ्याच तारखेवर घसरायचा. तारीख कुणी बघितलीय!

"मग शाळेत एक वर्ष आधी बोलावलं तेव्हा सांगितलं नाहीस?" दोग्यमने विचारलं.

"कशाला? घरात नुसता पायात पायात यायचास. म्हटलं, बरं झालं."

दोग्यम बोटं मोजायला लागला. मग त्याला हसू फुटलं. डाव हातातून खाली ठेवून तो मांडीवर थापा मारत हसला. "म्हणजे मी जुन्योपच्याच वर्गातला! आणि गीचल माझा ह्यंग! मी त्याला इतकी वर्षं रेड्या म्हणतोय!"

मीही हसले. "सुटला की प्रश्न! जा आणि सांग."

तसा त्याचा चेहरा उतरला.

"ताई, क्लबात मला ह्यंग म्हणणारी पोरं ढीगभर आहेत. मी ज्यांना ह्यंग म्हणायचो ते सगळे खेळ सोडून गेले. लहानपणापासून मला 'ए' म्हणणारा एक गीचलच आहे. तो एकदा ह्यंग झाला की ह्यंगच राहील. मग कंबरेतून वाकायचं आणि 'आमटी घेता का' विचारायचं."

"आणि नाही सांगितलंस तर बेंच उबवत बस," मी म्हणाले. मला त्याचा राग आला होता आणि कीवही. या बाप्यांना एक साधा शब्द कसा इतका जड होतो, असं म्हणणार होते. पण मग माझ्या शाळेतल्या मैत्रिणी आठवल्या; मला 'ए मिरान' म्हणणाऱ्या त्याच उरल्यात.

क्लबाच्या खानावळीत आमचा टोफू जातो. त्या दिवशी तो द्यायला मुद्दाम मीच गेले आणि कुंपणाला टेकून सराव बघत उभी राहिले. गीचलच्या पायात बॉल होता. दोग्यम मोकळा झाला, हात वर केला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडला, "गीचल ह्यंग! इकडे द्या!"

गीचलने मागे वळून बघितलं. आपल्या मागे कुणी दुसरा गीचल उभा आहे का, ते बघत होता बिचारा. तेवढ्यात बॉल कुणीतरी घेऊन गेला.

"काय चेष्टा लावलीय?" तो धावत आला.

दोग्यमने तिथीचं सगळं सांगितलं. पोरं पोट धरून हसली. गीचल हसला नाही. "आईंना विचारून येतो," म्हणाला, आणि सराव सोडून खरंच तडक दुकानात गेला. आईने त्याला बसवून तीच कथा पुन्हा सांगितली, वर म्हणाली, "तू थोरला, तूच आता सांभाळून घे त्याला." गीचलने पाणी प्यायलं, वाकून नमस्कार केला आणि पुढच्या दाराने निघून गेला. पुढच्या दाराने, हे माझ्या लगेच लक्षात आलं.

जुन्योपचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मित्रच वाकला, आता हा कुठल्या तोंडाने ताठ राहणार? दुसऱ्या दिवशी त्याने दात आवळून "ह्यंग" म्हटलं, आणि गीचलने त्याला पहिला पास दिला. शनिवारी आम्ही जिंकलो. त्याच्या पुढच्याही शनिवारी. बॉल डावीकडून उजवीकडे असा फिरायला लागला की बघताना भूक लागायची. कोच मेंग दोग्यमला म्हणाले, "मार्च चांगला महिना आहे." त्याची जागा वाचली. आई कोट घालून स्टँडमध्ये बसायला लागली, आणि मासळीबाजारातल्या बायकांकडून मी पुन्हा मासे घ्यायला लागले.

फक्त गीचल सकाळी यायचा बंद झाला. मैदानावर दोग्यम त्याला "ह्यंग, घ्या", "ह्यंग, मागे बघा" म्हणायचा आणि तोही "हं, बरं" म्हणायचा. एकदा तिघं बाहेर जेवले तेव्हा थोरला म्हणून बिल गीचलने भरलं, आणि दोग्यमने वाकून आभार मानले. "भांडत असतो तर बरं होतं," दोग्यम मला म्हणाला. गीचलचा आमटीचा वाडगा आई रोज काढून ठेवायची आणि दुपारी माझ्यासमोर सरकवायची. हवं होतं ते सगळं मिळालं होतं माझ्या भावाला, आणि तो घरी येऊन सुकटीसारखं तोंड करून बसायचा.

सिझनची शेवटची मॅच घरच्या मैदानावर होती. दोग्यमने आधीच सांगून टाकलं होतं, ही माझी शेवटची. गुडघा आता नको म्हणत होता. सगळं चोदांग दुकानं बंद करून आलं होतं. एक-एक बरोबरी, आणि वेळ संपत आलेली. कॉर्नरवरून आलेला बॉल गर्दीतून घरंगळत गीचलसमोर आला. गीचलने पाय मागे खेचला. त्याच्या समोर दोन बचावपटू भिंत करून उभे होते, ते त्याला दिसत होते. त्याच्या पाठीमागून जुन्योप मोकळा धावत येत होता, तो त्याला दिसत नव्हता. दोग्यमला दिसला.

आता विचार करा, "गीचल ह्यंग, कृपा करून सोडा" म्हणायला किती वेळ लागतो! तेवढ्यात गोलरक्षक चहा पिऊन येईल.

"रेड्या, सोड!" माझा भाऊ ओरडला. सगळ्या स्टेडियमने ऐकलं. माझ्या शेजारी आईने तोंडावर हात ठेवला.

गीचलने पाय उचलला. बॉल त्याच्या पायांमधून मागे गेला आणि जुन्योपने तो असा मारला की जाळं पाठीमागच्या जाहिरातीला जाऊन लागलं.

सगळा संघ जुन्योपच्या अंगावर पडला. गीचल मात्र उलट्या दिशेला, दोग्यमकडे धावत सुटला. आम्हाला वाटलं, आता हाणतो. दोग्यमलाही तेच वाटलं असावं, कारण तो लगेच कंबरेतून वाकला. पुढचं मला दोग्यमने सांगितलं, आणि शेवट जुन्योपने. तो खोटं बोलत नाही, कारण यात त्याची शोभाच झाली.

"चुकून तोंडातून गेलं, ह्यंग," दोग्यम म्हणाला. "माफ करा."

गीचलने त्याच्या मानेला धरून त्याला सरळ केलं. "पुन्हा ह्यंग म्हणालास तर इथेच मध्यरेषेवर पुरीन," तो म्हणाला. रडत होता तो रेडा, भर मैदानात. "तू मार्चमध्ये जन्मला असशील, नाहीतर डिसेंबरमध्ये. मला काय करायचंय? माझ्या वर्गात होतास तू. मला तोच बुटका पाहिजे."

"बरं," दोग्यम म्हणाला. तोही रडत होता. "मग सकाळी ये ना रे आमटीला. मी एकटा किती खाऊ?"

तेवढ्यात जुन्योप गोलचं कौतुक करून घ्यायला तिथे पोचला. त्याने शेवटचं तेवढं ऐकलं, दोघांकडे बघितलं आणि आनंदाने म्हणाला, "वा! म्हणजे आता मीपण गीचलच म्हणायचं ना?"

"तू नाही!" दोघं एकदम ओरडले.